तरुणांच्या ‘त्या’ प्रश्नांना उत्तरं देणारा गणिताचा प्राध्यापक: र. धों. कर्वे कोण होते?

यवतमाळ, पुसद, वणी किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडच्या आसपास एक चक्कर मारा. भिंतीवर, विजेच्या खांबावर, मुतारीच्या दारावर एक ठरलेली जाहिरात हमखास दिसते. गुप्तरोग, कमजोरी, लग्नाआधीची भीती, खात्रीशीर इलाज आणि खाली मोबाइल नंबर. या जाहिराती वर्षानुवर्षं टिकून आहेत, कारण त्यांना गिऱ्हाईक मिळतं. ते बहुतेक वेळा अठरा ते तीस वयाचं असतं. त्याला काहीतरी विचारायचं असतं, पण घरी विचारता येत नाही आणि डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही.

आज निदान हातात मोबाइल आहे. रात्री पांघरुणात शिरून काहीही सर्च करता येतं. उत्तर खरं मिळेलच याची खात्री नाही, पण विचारता तरी येतं. शंभर वर्षांपूर्वी असा प्रश्न पडला तर काय करायचं? त्या काळच्या मराठी तरुणाकडे एक वेगळाच पर्याय होता. मुंबईतल्या एका मासिकाला पत्र लिहायचं. ते मासिक काढणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो गणिताचा प्राध्यापक होता आणि याच कामापायी त्याची नोकरी गेली होती.

मासिकाचं नाव ‘समाजस्वास्थ्य’. माणूस रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों. कर्वे.

महर्षींचा मुलगा

‘कर्वे’ म्हटलं की बहुतेकांना आठवतात महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, १९१६मध्ये महिला विद्यापीठ उभं करणारे, भारतरत्न मिळालेले अण्णासाहेब कर्वे. रघुनाथ हा त्यांचा थोरला मुलगा. जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरूडचा.

अण्णासाहेबांचं पहिलं लग्न झालं तेव्हा ते स्वतः चौदा वर्षांचे होते आणि पत्नी राधाबाई जेमतेम आठ वर्षांच्या. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. राधाबाई १८९१मध्ये वारल्या तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. विधवेशी लग्न म्हणजे तेव्हा थेट समाजाशी वैर. गावाने वाळीत टाकलं. वडिलांनी योग्य ते केलं, तरी लोक त्यांना गुन्हेगारासारखं वागवतात, हे या मुलाने फार लहानपणी पाहिलं.

अभ्यासात तो हुशार होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९मध्ये मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजमधून १९०४मध्ये बीए झाला. वडील गणिताचे प्राध्यापक, मुलगाही त्याच वाटेने गेला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात सरकारी नोकरी लागली. पुढे १९१९मध्ये गणिताच्या पदविकेसाठी तो पॅरिसला गेला.

पॅरिसचा मुक्काम महत्त्वाचा ठरला. तिथल्या समाजात शरीराबद्दल बोलताना लोकांचा आवाज खाली जात नव्हता. कर्वे फ्रेंच शिकले होते. लैंगिक विज्ञान आणि संततिनियमन यावर युरोपात तेव्हा जे लिहिलं जात होतं ते त्यांनी वाचून काढलं. गणितवाल्या माणसाला पुरावा लागतो. पुरावा दिसला की मग तो मागे हटत नाही. कर्व्यांचा स्वभाव असाच होता आणि पुढे याच स्वभावाने त्यांना उभंही केलं, एकटंही पाडलं.

१९२१: लंडन आणि मुंबई, एकाच वर्षी

मार्गारेट सँगर यांनी अमेरिकेत १९१६मध्ये संततिनियमनाचा पहिला दवाखाना उघडला आणि काही दिवसांतच पोलिसांनी तो बंद पाडला. मेरी स्टोप्स यांनी मार्च १९२१मध्ये लंडनमध्ये असंच केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी आपलं केंद्र उघडलं. भारतातलं हे असं पहिलं केंद्र मानलं जातं. म्हणजे या विषयात मुंबई लंडनच्या मागे नव्हती, बरोबरीने होती. (शाळेच्या इतिहासात हे कधी वाचल्याचं आठवतंय का?)

हे केंद्र का हवं होतं, ते समजायला तेव्हाचं ‘तरुण वय’ कसं होतं ते पाहावं लागेल. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवणारा शारदा कायदा आला १९२९मध्ये आणि लागू झाला १९३०मध्ये. म्हणजे १९२१मध्ये ती मर्यादासुद्धा नव्हती. आज ज्या वयात मुली बारावी किंवा कॉलेजचं पहिलं वर्ष करतात, त्या वयात तेव्हा एक-दोन बाळंतपणं होऊन गेलेली असायची. शरीराची वाढ पूर्ण झालेली नाही, अंगात रक्त कमी, पहिलं मूल अंगावर पितंय आणि दुसरं पोटात. प्रतिजैविकं नव्हती, रक्त चढवण्याची सोय जवळपास नव्हती. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या तापात तरुण बाई जाणं ही घरोघरची गोष्ट होती. नवरा मग दुसरं लग्न करायचा आणि पुन्हा तेच चक्र सुरू व्हायचं.

कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. किती मुलं आणि कधी, हे बाईच्या हातात असलं पाहिजे. नसेल तर तिच्या आरोग्याबद्दलची बाकीची सगळी चर्चा फुकट आहे. त्या वेळी गोळ्या नव्हत्या. गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला १९६० उजाडावं लागलं. उपलब्ध होत्या त्या रबरी टोप्या, पुरुषांची रबरी साधनं आणि काही रासायनिक औषधं. ही साधनं कशी वापरायची, कोणतं कितपत भरवशाचं, हे कर्वे समजावून सांगत आणि साधनं मिळण्याची व्यवस्थाही करत.

दोन वर्षांनी, १९२३मध्ये, त्यांनी दोन पुस्तकं काढली. एक ‘संततिनियमन’ आणि दुसरं ‘गुप्तरोगांपासून बचाव’. दुसऱ्या पुस्तकाची गरज मुंबईत राहणाऱ्या कुणालाही कळली असती. बंदराचं शहर, गिरण्यांमध्ये काम करणारे हजारो तरुण, बायको-मुलं गावी. गरमी आणि परमा हे रोग सर्रास पसरलेले. पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत यायला अजून वीसेक वर्षं होती. तोवर गरमीवर सोमल असलेली इंजेक्शनं दिली जायची. ती महाग आणि त्रासदायक. रोग झालेला तरुण सणाला गावी जायचा आणि तो रोग बायकोला द्यायचा. परमा झालेल्या आईच्या बाळाला जन्मतःच डोळ्यांचा संसर्ग होऊन आंधळेपण येऊ शकतं. पण आजाराचं नाव घेणंच पाप असल्यामुळे ही साखळी तोडायची कशी, हे कुणी सांगत नव्हतं.

नोकरी गेली

पॅरिसहून आल्यावर कर्वे गिरगाव चौपाटीच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेज मिशनऱ्यांचं. आपला प्राध्यापक उघडपणे संततिनियमनावर बोलतो, लिहितो, दवाखाना चालवतो, हे व्यवस्थापनाला खपलं नाही. १९२५मध्ये त्यांच्यासमोर निवड ठेवली गेली: हे काम किंवा ही नोकरी. कर्व्यांनी राजीनामा दिला.

ते तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. यानंतर प्राध्यापकाचा सुखाचा पगार त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. इथे एक नाव घ्यायलाच हवं, कारण अशा गोष्टींमध्ये ते मागे पडतं. मालतीबाई कर्वे. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय या दोघांनी विचार करून घेतला होता. १९२०च्या दशकातल्या पुण्या-मुंबईत, लग्न झालेल्या बाईला मूल नसणं म्हणजे काय ऐकून घ्यावं लागत असेल, याची कल्पना आजच्याही सुनांना करता येईल. पैशाची ओढाताण, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे, कोर्टाच्या फेऱ्या, या सगळ्यांत मालतीबाई सोबत राहिल्या. लेख कर्व्यांच्या नावावर छापून आले, पण त्या लेखांची किंमत दोघांनी मोजली.

‘समाजस्वास्थ्य’: पत्र पाठवा, उत्तर मिळेल

नोकरी गेल्यावर दोन वर्षांनी, जुलै १९२७मध्ये, ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं. व्यक्तीचं आणि समाजाचं शारीरिक व मानसिक आरोग्य हा मासिकाचा जाहीर विषय. त्यातही भर लैंगिक आरोग्यावर. मुखपृष्ठावर अनेकदा नग्न स्त्रीचं चित्र असायचं, कारण शरीर मुळात अश्लील नसतं असं कर्व्यांचं मत होतं. साहजिकच मासिक कुणाच्या घरात टेबलावर पडलेलं दिसत नसे. लोक लपवून वाचत. पण वाचत.

टपालाची सोय आहे तिथे मासिक जाऊ शकत होतं आणि तिथून पत्र येऊ शकत होतं, ही यातली खरी गंमत. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. कापसाच्या गाठी वाहणारी नॅरोगेज गाडी मूर्तिजापूरहून यवतमाळला यायची आणि मुंबई बरीच दूर होती. अशा ठिकाणच्या तरुणाला लैंगिक शंकेसाठी तज्ज्ञ डॉक्टर गाठणं अशक्यच होतं. चार आण्यांचा वैद्य आणि गावातला जाणता मित्र, एवढीच सोय. मासिकाचं वैशिष्ट्य हे, की नाव न सांगता विचारता यायचं आणि छापील उत्तर मिळायचं.

पत्रं कशाबद्दल असत? लिहिणारे बहुतेक शिकलेले, मध्यमवर्गीय पुरुष. स्त्रियांची पत्रं कमी. प्रश्न वाचले तर ते कालच कुणीतरी इंटरनेटवर टाकलेत असं वाटेल. हस्तमैथुनाने अंगातली ताकद जाते का? झोपेत वीर्य गेलं तर तो रोग आहे का? लग्न ठरलंय, जमेल का? बायकोला सुख मिळतंय की नाही हे कसं कळणार? मूल नको असेल तर काय वापरायचं? काही तरुण दुसऱ्या पुरुषाबद्दल वाटणाऱ्या ओढीबद्दलही विचारत.

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांजवळ जरा थांबायला हवं, कारण तरुण पुरुषांच्या मानसिक आरोग्याचा तो सगळ्यात जुना काटा आहे. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यावर १९२०–३०च्या काळात ब्रह्मचर्याच्या राष्ट्रीय उपदेशाची भर पडली: तालमी काढा, वीर्य राखा, देश बलवान करा. तालीम उत्तमच. पण त्यासोबत आलेली भीती उत्तम नव्हती. वयात आलेल्या प्रत्येक मुलाच्या शरीरात जे आपोआप घडतं, तेच त्याला आपल्या नाशाची खूण वाटायला लागलं. मग झोप उडते. झोप उडाली की दिवसभर थकवा. थकवा आला की खात्री पटते, बघा, ताकद जातेय. भीतीनेच लक्षणं तयार होतात आणि ती लक्षणं पुन्हा भीतीला खतपाणी घालतात. या फेऱ्यात अडकलेला तरुण वर्तमानपत्रातल्या शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातीचा पक्का ग्राहक असतो. तेव्हा हा धंदा जोरात होता. आजही मंदीत नाही.

कर्व्यांची उत्तरं छोटी आणि कोरडी असत. धीर देण्यासाठी गोड शब्द नाहीत, उपदेश नाही. यात रोग नाही, ताकद जात नाही, औषधावर पैसे घालवू नका, अशा धाटणीची. शिक्षक गणितातली चूक दाखवतो तसं. या कोरडेपणाचाच बऱ्याच जणांना आधार वाटला असणार. पाप-पुण्य बाजूला ठेवून कुणीतरी पहिल्यांदाच नुसती माहिती देत होतं.

ही भीती किती खोल आहे हे वैद्यकशास्त्राने नंतर मान्य केलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६०मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. म्हणजे वीर्य जाण्याच्या भीतीतून येणारा थकवा, चिंता आणि उदासी. शरीरात दोष नसतो, पण त्रास खरा असतो. कर्वे हीच गाठ तीसेक वर्षं आधी पत्रापत्री सोडवत बसले होते.

कोर्टात कर्वे, वकील आंबेडकर

सनातनी मंडळी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. १९३१मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या एका लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड झाला. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

कर्व्यांनी लिहिणं बदललं नाही. १९३४मध्ये पुन्हा खटला. या वेळी मुद्दा होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांवरच्या प्रश्नांना त्यांनी नेहमीच्या सरळपणाने उत्तरं दिली होती.

या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते तेव्हा कोण होते हे लक्षात घ्या. गोलमेज परिषदा झालेल्या, १९३२चा पुणे करार झालेला, देशभर नाव झालेलं. राजकारणात आधीच पुरेसे शत्रू असताना, ज्याच्या नावाने लोक नाक मुरडतात अशा माणसाचं वकीलपत्र घेणं त्यांना टाळता आलं असतं. त्यांनी ते टाळलं नाही.

आंबेडकरांचा युक्तिवाद आज वाचतानाही ताजा वाटतो. मासिक लैंगिक आरोग्याचं आहे, वाचकाने त्याच विषयावर प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायचं नाही असं म्हणणं म्हणजे मासिकच काढू नका असं म्हणणं. उत्तर चुकीचं वाटत असेल तर त्याचा प्रतिवाद करा, ज्ञानाने ज्ञान खोडा. पण विषय लैंगिक आहे एवढ्यावरून तो अश्लील ठरवता येणार नाही. समलैंगिकतेबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा दाखला दिला. भारतात प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या चौकटीतून सर्वोच्च न्यायालयाने बाहेर काढलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. मुंबईच्या कोर्टातला हा युक्तिवाद त्याच्या ८४ वर्षं आधीचा.

खटला मात्र हरले. दोनशे रुपये दंड झाला. आर्थिक चणचणीत चालणाऱ्या मासिकासाठी ही रक्कम छोटी नव्हती. ‘समाजस्वास्थ्य’ तरीही बंद पडलं नाही.

आंबेडकरांसाठी हा विषय एका खटल्यापुरता नव्हता. १९३८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाकडून संततिनियमनाचा ठराव आला. सारखी बाळंतपणं लादल्याने स्त्रीच्या आरोग्याचं काय होतं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. पी. जे. रोहम यांनी तो मांडला. ठराव फेटाळला गेला.

वर्ध्यातली भेट

विरोध फक्त सनातन्यांचा होता असं समजणं सोपं आहे, पण खरं नाही. देशातला सगळ्यात मोठा आवाजही दुसऱ्या बाजूला होता. डिसेंबर १९३५मध्ये मार्गारेट सँगर भारतात आल्या आणि यवतमाळला लागूनच असलेल्या वर्ध्यात जाऊन महात्मा गांधींना भेटल्या. मुलं कमी असावीत, स्त्रीवर बाळंतपणं लादू नयेत, इथपर्यंत दोघांचं जमत होतं. पण मार्ग कोणता? गांधीजींचं उत्तर होतं संयम. कृत्रिम साधनांना त्यांचा ठाम विरोध होता.

कर्व्यांना हे अजिबात मान्य नव्हतं. स्त्रीला लैंगिक सुखाचा हक्क पुरुषाइतकाच आहे, संयमाच्या सल्ल्याने तो हक्कही जातो आणि नको असलेलं गरोदरपणही टळत नाही, अशी त्यांची भूमिका. गांधीजींवर ते सडकून टीका करत. ज्या काळात गांधीजींचं नाव घेताना लोक हात जोडत, त्या काळात ही टीका वाचकसंख्या वाढवणारी नव्हतीच.

सगळंच बरोबर होतं का?

नाही. कर्व्यांना पुतळ्यावर बसवायचं असेल तर त्यांच्या काही गोष्टी झाकाव्या लागतील आणि ते स्वतः या झाकपाकीवर भडकले असते.

ते डॉक्टर नव्हते. पत्रातून, रुग्णाला न पाहता दिलेल्या उत्तराच्या मर्यादा असतात. त्यांनी सांगितलेली काही साधनं आणि उपाय आज कालबाह्य आहेत. जगभरच्या संततिनियमन चळवळीवर तेव्हा ‘सुप्रजननशास्त्रा’ची मोठी छाया होती. म्हणजे ‘चांगल्या’ माणसांनी मुलं जन्माला घालावीत आणि ‘कमकुवतांनी’ घालू नयेत, ही कल्पना. या विचाराने पुढे जगात काय अनर्थ केले ते सगळ्यांना माहीत आहे. कर्वेही त्या छायेतून पूर्ण बाहेर नव्हते. शिवाय त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः वाचता-लिहिता येणाऱ्या, मासिकाची वर्गणी परवडणाऱ्या पुरुषांचा. ज्या बाईच्या आरोग्यासाठी ही सगळी धडपड होती, तिच्यापर्यंत मासिक अनेकदा पोचतच नव्हतं. तिला अक्षरओळखच नव्हती.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. त्यांच्या लेखी आरोग्य म्हणजे फक्त लैंगिक विषय नव्हता. १९३४मध्ये ‘आधुनिक कामशास्त्र’ आलं तसं १९३८मध्ये ‘आधुनिक आहारशास्त्र’ आलं. काय खावं, किती खावं, यावरही त्यांनी तितक्याच शास्त्रीय कोरडेपणाने लिहिलं. १९४०च्या ‘वेश्याव्यवसाय’मध्ये त्यांनी ज्या विषयावर नुसतं नाक मुरडलं जायचं तो सामाजिक प्रश्न म्हणून हाताळला.

शेवटची वर्षं

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. ज्या कामासाठी कर्व्यांची नोकरी गेली, तेच काम १९५२मध्ये भारत सरकारने हातात घेतलं. राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश मानला जातो. त्यात र. धों. कर्व्यांना कुठलंही मानाचं पान वाढलं गेलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. वय ७१. वडील अण्णासाहेब तेव्हा हयात होते, पंचाण्णव वर्षांचे. पाच वर्षांनी, १९५८मध्ये, वडिलांना भारतरत्न मिळालं. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३चा. सव्वीस वर्षं हे मासिक जवळपास एकट्याच्या जिवावर चाललं होतं. चालवणारा गेल्यावर ते थांबलं.

काम पुढे नेलं ते त्यांच्या नात्यातल्या शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर र. पु. परांजपे यांची ही मुलगी आणि दिग्दर्शिका सई परांजपे यांची आई. स्वतः केंब्रिजला शिकलेल्या शकुंतलाबाई पुण्यात आणि खेड्यापाड्यांत बायकांना कुटुंबनियोजन समजावत फिरल्या. पुढे राज्यसभेवर गेल्या. १९९१मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. कर्व्यांची आठवण नव्या पिढीला झाली ती २००१च्या अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ या चित्रपटामुळे. किशोर कदम यांनी त्यात र. धों. साकारले आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाई.

आज विचारायचं असेल तर?

‘समाजस्वास्थ्य’ला पत्र पाठवता येणार नाही, पण काही सरकारी सोयी आहेत आणि त्या फार कमी तरुणांना माहीत असतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४मध्ये सुरू झाला. त्याखाली १० ते १९ वयोगटासाठी महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांमध्ये ‘मैत्री’ नावाची केंद्रं आहेत. मासिक पाळी, वयात येतानाचे बदल, लैंगिक शंका, ताण, व्यसन यांबद्दल तिथे समुपदेशक बोलतात. लैंगिक संसर्गाची शंका असेल तर सरकारी रुग्णालयातलं ‘सुरक्षा क्लिनिक’ आहे. तपासणी आणि उपचार मोफत, माहिती गुप्त. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्यांना श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करता येईल. मन जड झालं असेल, झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.